एक लिटर घोडा, एक लिटर मोर

मोर जिंकला. सव्वा किलोमीटरनं जिंकला. पण हे झालंच नाही. देवगाव रंगारीत कुणालाही विचारा, अशी काही परीक्षा झाली होती का, तो आभाळाकडं बघून सांगेल की नाय बुवा, औंदा तर काहीच झालं नाय. औरंगाबादच्या वाटेवर मिटमिटा गावाच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक असे चुना फासलेले दोन दगड रस्त्याच्या कडेला अजून उभे आहेत. त्यांचं काय, दगड कुठंही असतात. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून सुरुवात करावी, हे बरं.

तर सुरुवातीला त्रिंबकला बसवत नव्हतं.

म्हणजे तो जेवायला बसायचा, दोन घासांनी उठायचा, अंगणातल्या मोटरसायकलीपाशी जायचा, तिला दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवायचा आणि टाकीला कान लावायचा. आत खळखळ वाजलं तर परत येऊन जेवायचा. नुसतंच चुळचुळ वाजलं तर परत येऊन जेवायचं विसरायचा. एका भाकरीला तीन खेपा. त्याची बायको बानाबाई आधी ताट झाकून ठेवायची. मग एके दिवशी तिनं ताटच उचललं आणि गाडीच्या सीटवर नेऊन ठेवलं.

"हितंच जेवा. ती जेवली का नाय ते बघत बघत."

गाडी लाल होती, शंभर सीसीची, चाळीस मेंढरं विकून घेतलेली. मेंढरं त्रिंबकच्या बापाची, सोनाजीची, त्यामुळं गाडीही सोनाजीची, आणि तिच्याबद्दलचा अखेरचा शब्दही सोनाजीचा. त्रिंबक फक्त चालवायचा. वाळूजला औषधाच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. सकाळी सातची पाळी. देवगावाहून त्या वेळेला पोचवणारी एस.टी. अजून कुणाच्या डोक्यात आलेली नव्हती. म्हणजे गाडी असेल तर झाकणं, आणि गाडी नसेल तर उरलेली वीस मेंढरं. मधलं काही नाही.

मेंढरांची त्रिंबकला धास्ती होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्यानं ती राखली होती. मेंढपाळाचं मुख्य काम म्हणजे काठीवर हनुवटी टेकून एका पायावर उभं राहणं. सोनाजी तसा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उभा राहू शकायचा, आणि वर त्याला त्यात बरं वाटायचं. त्रिंबक तिसऱ्या मिनिटाला पाय बदलायचा, पाचव्याला दगड मारायचा, दहाव्याला कळपाभोवती पळत सुटायचा. मेंढरं त्याच्यामुळं वाळली होती. आता वाळूजला आठ तास मशीन खडखडायचं, जाता-येता ऐंशी किलोमीटर गाडी धडधडायची, आणि त्या दोन्ही आवाजांत त्याला पहिल्यांदा शांत वाटलं होतं.

आणि नेमकी त्याच गाडीची भूक वाढली.

मीटरची केबल पहिल्याच महिन्यात तुटलेली, त्यामुळं ॲव्हरेज मोजायचं ते रस्त्यावरच्या दगडांवर. नव्यानं गाडी लिटरला साठ द्यायची. चैत्रापासून ती चाळिसावर आली. प्लग बदलला, हवा भरली, कार्बोरेटर धुतला, लिंबू-मिरची बांधली. चाळीस म्हणजे चाळीस.

वैशाखातल्या एका संध्याकाळी सोनाजीनं निकाल दिला.

"माझ्या बापाचं तट्टू," तो म्हणाला, "सहा घोंगड्या, दोन कोकरं आन येक म्हातारी घिऊन सिल्लोडपस्तोर जायचं. खायचं काय? कडंचं गवत."

"दादा, हे साठच्या स्पीडनं जातंय."

"जाऊ दे की. खातं किती ते बोल. वय वाढलं म्हंजी जनावराची भूक कमी व्हती. हिची वाढली. म्हंजी आतून दुखणं हाय. आन दुखण्याचं जनावर लोकाला कळायच्या आत इकावं."

"म्हंजी?"

"येत्या बाजारी."

आठवडी बाजार सहा दिवसांवर होता. सोनाजीनं तिला न्यायला नवं दावंही वळून ठेवलं होतं. तशी ती रोज बांधलेलीच असायची. पुढच्या चाकातून दावं ओवून खुंट्याला. किल्ली खुंटीवर टांगलेली असायची, कारण किल्लीवर सोनाजीचा विश्वास नव्हता. किल्ली म्हणजे नुसतं लोखंड. गाठ ती गाठ.

त्रिंबकनं जिवाच्या आकांतानं डोकं चालवलं आणि त्याला आठवलं की चैत्रात आणखी एक गोष्ट घडली होती. गावच्या फाट्यावर तात्यासाहेबांचा नवा पेट्रोलपंप सुरू झाला होता. पंपाच्या पाटीवर दोन पाय उचललेला पांढरा घोडा. त्याआधी त्रिंबक वेरूळच्या वाटेवरच्या मोर छाप पंपावर भरायचा. सोनाजीला वाचता येत नव्हतं, पण घोडा ओळखता येत होता. "हितं भरत जा," त्यानं हुकूम केला होता. "पाखराच्या पेट्रोलवर गाडी उडंल, चालायची नाय."

"गाडीत खोट नाय, दादा," त्रिंबक म्हणाला. "पेट्रोलात हाय. घोड्याच्या."

हे तो घरात म्हणाला. तास झाला नाही तोवर ते फाट्यावर पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब स्वतः अंगणात. ऐंशी एकर बागायत, दोन जिपा, एक पंप आणि भुवया. तात्यासाहेब फार बोलत नसत, भुवया बोलत.

"काय रे त्रिंबक. आमचा घोडा लंगडा म्हणतोस म्हणे."

"लंगडा नाय म्हणलो, तात्यासाहेब. मोर जरा लांब जातो म्हणलो."

"मोर? मोर कधी लांब गेलेला बघितलास? ह्या बांधावरनं त्या बांधावर जातो आणि वरडतो. पेट्रोल सगळं एकच असतंय, गड्या. एकाच टाकीतनं येतंय, चित्र तेवढं वेगळं."

"मग मोराचंबी घाला की तुमच्या पंपात."

भुवया वर गेल्या. बानाबाई चुलीपाशी खोकल्यासारखं हसली. आणि सोनाजी, जो इतका वेळ लाल पागोटं झुकवून कोकराच्या खुरातला काटा काढत होता, मान वर न करता म्हणाला, "इम्तिहान घिऊ."

परीक्षा अशी ठरली. टाकी आडवी करून थेंब न थेंब रिकामी करायची. एक लिटर घोडा घालायचा आणि शहराकडं निघायचं. गाडी जिथं मरेल तिथं चुन्याचा दगड. परवा तसंच एक लिटर मोर. तोच रस्ता, तोच चालवणारा, मागं साक्षीला तोच सोनाजी. मोर लांब गेला तर खोट पेट्रोलात, आणि गाडी राहील. नाहीतर बाजार. नवा चारा एकदम दिला की जनावराला हगवण लागते, म्हणून मधला एक दिवस अर्धा घोडा अर्धा मोर द्यावा, असं सोनाजीचं म्हणणं होतं, पण तात्यासाहेबांच्या भुवयांनी ते फेटाळलं.

त्रिंबकनं दोन दिवस दांडी मारली. कंपनीला कळवलं की वडलांना शहरात न्यायचं आहे, जे खरंच होतं.

पहिल्या दिवशी घोडा. तात्यासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिटर ओतलं. निघता निघता सोनाजी एक मेंढी घेऊन आला आणि मांडीवर आडवी घालून मागं बसला.

"ही कशाला?"

"राजीला द्यायचीय. वाटंतच हाय की वेरूळ." राजाबाई म्हणजे सोनाजीची बहीण. "चल, उगी खोळंबा नको."

मेंढीचं वजन कुणी धरलं नाही, कारण मेंढी काही साक्षीदार नव्हती. वेरूळला ती राजाबाईच्या दारात उतरली, पुढं बाप-लेक खुलताबादचा चढ चढले, दौलताबादचा किल्ला मागं पडला. त्रिंबकचे कान इंजिनात. प्रत्येक खाचेला त्याला वाटायचं, मेली. चाळिसाचा दगड गेला. ती चालतच होती. त्रिंबक घाबरला. घोडा असाच पळत राहिला तर मोर हरणार, मोर हरला तर गाडी जाणार. आपली गाडी चांगली चालल्याचं दुःख करणारा त्या रस्त्यावर तो पहिलाच. शेवटी मिटमिट्याच्या अलीकडं ती दोनदा शिंकली आणि थांबली. पन्नास.

सोनाजीनं उतरून आधी गाडीच्या पोटाला हात लावला, चटका बसला, हात झटकला. मग दगडाला चुना फासला.

तिसऱ्या दिवशी मोर. मेंढी नाही. गाडी मिटमिटा ओलांडून पलीकडं गेली आणि थांबली. सव्वा किलोमीटर जास्त. त्रिंबकनं रस्त्यातच उडी मारली. "जितलो! दादा, मोर जितला!"

सोनाजी दोन दगडांमधलं अंतर चालत गेला आणि चालत आला. त्याला त्याची घाई नव्हती.

"त्रिंबक," तो म्हणाला, "सव्वा म्हंजी काय? मेंढीएवढं. म्हंजी पेट्रोल दोन्ही सारखंच."

"आं?"

"सारखं आन चांगलं. पन्नास-पन्नास गेलं, दोघं बसून, चढ चढून. आन तू येकटा जातो तवा चाळीस. म्हंजी खोट पेट्रोलात नाय. गाडीतच हाय. लोकात गुणाची, घरात खादाड. असलं जनावर लई वाईट. इकायची."

त्रिंबकनं स्वतःच मागितलेल्या परीक्षेत गाडी पास झाली होती आणि त्यामुळंच जाणार होती. तो परतीच्या पेट्रोलची बाटली हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा हलला.

इकडं तात्यासाहेबांना सव्वा किलोमीटर झोपू देईना. त्यांना मेंढीचं उशिरा कळलं. "मेंढीमुळं गेलो," ते म्हणाले. "मोरालाही मेंढी लावा. तीच मेंढी." जीप वेरूळला पाठवली. पण राजाबाईच्या अंगणात मेंढी दोन कोकरांसकट उभी होती. आदल्या रात्रीच व्याली होती. परीक्षेची मेंढी आता ती मेंढी राहिलेली नव्हती. जीप रिकामी परत आली, तात्यासाहेबांच्या भुवया बराच वेळ जमिनीला समांतर राहिल्या, आणि मग त्यांनी गावापुरता निर्णय दिला की परीक्षा झालीच नाही. गावाला काय, परीक्षा झाली नाही तर झाली नाही.

त्रिंबकला मात्र बाजार दोन दिवसांवर आला होता.

त्यानं पुन्हा डोकं चालवलं. दोघांचं ओझं घेऊन पन्नास, एकट्याला चाळीस. मग राहिलेलं पेट्रोल जातं कुठं? रस्त्यात तर जात नाही. म्हणजे घरी जातं. म्हणजे चोरी. एकदा चोर डोक्यात आल्यावर त्याला सगळ्यांच्या तोंडाला पेट्रोलचा वास यायला लागला. शेजारच्या सांडूच्या घरी कंदील जरा जास्तच मोठा दिसतो. गुरवाची दगडाबाई परवा बाटली घेऊन कुठं चालली होती? दुसऱ्या दिवशी कंपनीत त्यानं चारशे झाकणं उलटी लावली.

पाळीवरून तो पाचला यायचा, भाकरी खायचा आणि मेल्यासारखा झोपायचा, पार दिवे लागेपर्यंत. चोर येणार तो तेव्हाच. त्या दिवशी तो बाजेवर नुसताच पडला, डोक्यावरून घोंगडी, घोंगडीला एक भोक. तिसऱ्या मिनिटाला पाय हलवावासा वाटला. दहाव्या मिनिटाला कुशी बदलावीशी वाटली. आयुष्यात इतका वेळ तो कधी हलल्यावाचून राहिला नव्हता.

आणि चोर आला. चोरानं खुंट्याची गाठ सोडली, खुंटीवरची किल्ली घेतली, गाडीच्या सीटवर दोनदा थोपटलं आणि ती ढकलत ओढ्याच्या उताराला नेली. चोराच्या डोक्याला लाल पागोटं होतं.

त्रिंबक अनवाणी मागं गेला. ओढ्याच्या पलीकडं मेंढरांचं वाडगं होतं, काट्यांचं गोल कुंपण. नोकरी लागल्यापासून त्रिंबक त्या बाजूला फिरकलाच नव्हता. तिथं सोनाजीनं गाडी चालू केली, दोन्ही पाय जमिनीला घासत पहिला गिअर टाकला, आणि वाडग्याभोवती निघाला. माणसाच्या चालीनं. एक फेरी, दोन, पाच. जमिनीत वीतभर खोल चाकोरी पडली होती, दोन महिन्यांची. आत एकोणीस मेंढरं शेजारी शेजारी उभी राहून ज्या गतीनं गाडी फिरेल त्या गतीनं माना फिरवत होती. आणि सोनाजी बोलत होता.

"चल गं बाई. चल माजी लाल. लई पळीवलं तुला पोरानं. जिरू दे घाम. सावकाश. आजून दिस हाय."

अकराव्या फेरीला समोर त्रिंबक उभा.

सोनाजीनं गाडी थांबवली. बंद केली नाही. "झोपला नाय व्हय?"

"दादा, काय करता हे?"

"काय म्हंजी? घाम जिरीवतो. तू येतो, तापलेलं जनावर तसंच खुंट्याला टाकतो आन घोरतो. घामेजलं घोडं येकदम हुबं केलं तर छाती धरती त्याची. फिरवावं लागतं. चैतात येकदा बसलो व्हतो हिच्यापाशी, तर आतनं टिकटिक, टिकटिक. थंडीनं दात वाजत व्हते बिचारीचे. तवापासून फिरवतो. दिस मावळस्तोर."

"रोज?"

"घाम रोज येतो का नाय?"

"दादा, फिरताना ती पेट्रोल पिती."

सोनाजीला हे पटायला वेळ लागला. "फिरताना जनावर कुठं खातं रं? त्याच्या म्होरं चारा तर नसतो."

"चारा तिच्या पोटातच हाय. चालू हाय तवर पिती. आत्ताबी पिती."

सोनाजीनं टाकीकडं बघितलं. मग हळूच, झोपलेल्याच्या खोलीतला दिवा मालवावा तशी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. वाडग्यातल्या मेंढरांच्या माना थांबल्या. थोड्या वेळानं टिकटिक सुरू झाली.

"म्हंजी दोन महिने," सोनाजी म्हणाला, "मीच."

त्रिंबक हसला. "मिटलं की मग, दादा. आता फिरवायचं नाय. साठ दील. उद्या बाजार नाय."

टिकटिक चालूच होती. सोनाजीनं पागोट्याचं टोक सोडून इंजिनावर टाकलं, जसं व्यालेल्या मेंढीवर टाकतात.

"मग तर इकायचीच," तो म्हणाला.

"आता का?"

"ही रोज माज्या दारात अशी कुडकुडत हुबी राहनार, आन म्या बघत बसनार? नाय जमायचं. खादाड असती तर येकवेळ ठिवली असती. न्यायचीच उद्या. कुनीतरी फिरवनारा घील."

तो गाडी ढकलत घराकडं निघाला, आणि मागोमाग त्रिंबक, पायाखाली काटे की काय ते न बघता. अंगणात बानाबाई भाकरी थापत होती. तिनं दोघांना बघितलं, गाडीला बघितलं. "आज लौकर जिरला घाम, मामा?"

त्रिंबक जागच्या जागी फिरला. "तुला ठावं व्हतं?"

"समद्यांना ठावं हाय. सांडूभावजी रोज बांधावर बसून बघत्यात. मला वाटलं, तुमीच सांगितलं आसंल."

"मी महिनाभर जीव टाकतोय! मला सांगायचं नाय?"

"तुमी इचारलं का? तुमी पेट्रोलची कंपनी इचारत व्हता. मला काय कळतं कंपनीतलं."

त्रिंबक तुळशीभोवती दोन फेऱ्या चालला. मग तिसरी. चालता चालता त्याचं लक्ष सोनाजीच्या हातातल्या हँडलकडं गेलं. सोनाजी गाडी ढकलत आणत होता. बंद गाडी. आणि ती फिरत होती.

"दादा," तो म्हणाला, "हातानं फिरवू. बंद करून. घाम जिरंल, पेट्रोल जायचं नाय."

सोनाजी थांबला. "किती फेऱ्या?"

"पाच."

"हाट. शंभराला कमी नसत्यात व्हत माज्या."

"दादा, मी पाळी करून येतो."

"ती नाय का पाळी करून येत?"

रात्रीच्या जेवणापर्यंत घासाघीस होऊन आकडा एकवीस ठरला. त्याच्या खाली सोनाजी एक फेरी उतरेना. बाजाराच्या दिवशी नवं दावं घेऊन बाप-लेक गाडीसह निघाले ते बाजाराला नाही, वाडग्याला. सोनाजी पुढं दावं धरून, त्रिंबक मागून ढकलत. सांडू बांधावर बसून मोजत होता. आता रोज तेच. गाडी पुन्हा लिटरला साठ देते, घोड्यावरही आणि मोरावरही. त्रिंबक ऐंशी किलोमीटर गाडीवरून येतो आणि तीन किलोमीटर गाडीला घेऊन चालतो.

"गाडी तुमाला वापरती का तुमी गाडीला?" बानाबाई विचारते.

बसवत नाही हे दुखणं मात्र पार गेलं. आता त्याला उठवत नाही. जेवायला बसला की तिथंच लवंडतो. झाकणांच्या मशीनपाशी उभ्या उभ्या त्याला झोप लागते. काठी असती तर एका पायावर लागली असती. मुकादमानं त्याला दोनदा ताकीद दिली, तिसऱ्यांदा दिसलास तर घरी बस म्हणाला.

तेव्हा त्याला पेटीतला कागद आठवला. निजामाच्या राजवटीत त्याच्या आज्याला मिळालेला चराईचा परवाना. उर्दूत आहे, घरात कुणाला वाचता येत नाही. पोलिस ॲक्शन झाली, हुकूमत गेली, कागद राहिला. सोनाजी अजून तो खिशात घालूनच डोंगराला जातो. वनखात्याचा शिपाई अडवतो, सोनाजी कागद काढतो, शिपायालाही वाचता येत नाही. पण खाली गोल शिक्का आहे. शिपाई बाजूला होतो. लेकाचं, सुनेचं, तात्यासाहेबांचं सोनाजी ऐकेलच असं नाही. गोल शिक्क्याचं मात्र त्यानं आजवर मोडलेलं नाही.

त्रिंबक दहावी झालेला होता. त्यानं झाकणांच्या खोक्याचा कोरा कागद घेतला, दोन प्रती केल्या आणि पोस्टात टाकल्या.

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब, घोडा छाप पेट्रोल कंपनी
(एक प्रत : मा. व्यवस्थापक साहेब, मोर छाप पेट्रोल कंपनी)

अर्जदार : त्रिंबक सोनाजी, मु. पो. देवगाव रंगारी, ता. कन्नड, जि. औरंगाबाद.

विषय : फेऱ्या कमी करून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपले पेट्रोल व त्यांचे पेट्रोल सारखेच असून त्याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. सदर बाबत कोणतीही परीक्षा झालेली नाही. तथापि अर्जदाराचे वडील सोनाजी हे गाडीचा घाम जिरविणेकामी रोज एकवीस फेऱ्या घ्यावयास लावतात व त्यामुळे अर्जदाराची नोकरी जाण्याच्या बेतात आहे. नोकरी गेल्यास अर्जदार आपले पेट्रोल घेऊ शकणार नाही, त्यांचेही नाही. तरी मेहेरबान साहेबांनी सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, 'आमचे पेट्रोल घातलेल्या गाडीस पाच फेऱ्या पुरतात, थंडीत सात' असे पत्र वडिलांचे नावे देण्याची कृपा करावी. मजकूर कोणत्याही भाषेत चालेल. शिक्का गोल असावा, ही नम्र विनंती.